दोन बोटांची शीग

निरवांगी, ता. इंदापूर
८ जानेवारी २०२५

ती. आबा,

सुप्रियाचा नमस्कार. वाकून केलाय असं समजा. समोर असते तर तुम्ही अर्ध्यातच धरून उठवलं असतंत. आईला आणि युवराजदादाला माझी आठवण सांगा. इकडे सासूबाई, हे आणि मी ठणठणीत आहोत. थंडी जोरात आहे. सकाळी फळाला हात लावला की बोटं आखडतात.

पत्र आजच्या एसटीनं पाठवतेय त्या डाळिंबाच्या पेटीत सगळ्यात वर ठेवलंय, कारण फोनचा काही उपयोग नाही. मी फोन करते, तुम्ही 'बरी हायस न्हवं' एवढं विचारता, आणि मी 'हो' म्हणेपर्यंत फोन आईच्या हातात गेलेला असतो. दिवाळी झाल्यापासून हेच चाललंय. पत्र काही आईकडे देता येणार नाही, तिचा चष्मा कधीच जागेवर नसतो. तेव्हा बसा निवांत आणि वाचा. फक्त पेटी एवढ्यात रिकामी करू नका. फळं आहेत तशी राहू द्यात, का ते शेवटी सांगते.

आधी बातमी. आमच्या बायकांच्या गटाची तिसरी गाडी गुवाहाटीला पोचली, आणि एकही फळ दबलं नाही.

माल घेणाऱ्या तिथल्या शेठनी काल व्हिडिओवर दाखवलं. आम्ही सगळ्या शेडमध्ये एका फोनभोवती जमलो होतो. रंगुबाईंचा पदर माझ्या तोंडावर आणि सासूबाईंचा कोपर माझ्या बरगडीत. शेठनी मुद्दाम थप्पीतली सगळ्यात खालची पेटी ओढायला लावली. झाकण सपाट होतं, कोपरे ताठ होते. हमालानं चिकटपट्टी फाडली आणि आत आपली भगवी डाळिंबं जशी इथून गेली तशी बसलेली. एक उचलून त्यांनी फोनपुढं फिरवलं. मग शेजारची पेटी, मग तिच्या मागची. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आता दावायचं बास कर म्हनावं, इकायला लाग." त्यावर जी हसायला लागलो ती बराच वेळ हसतच होतो.

हंगामभराचा माल त्यांना आमच्याकडूनच पाहिजे आहे. तुम्हाला ठाऊक आहे याचा अर्थ काय. दुसऱ्या गाडीनंतर त्यांनी साफ सांगितलं होतं की अजून एकदा बघतो, परत फळ चेपून आलं तर दुसरीकडून घेतो. गटातल्या निम्म्या बायका तर जागेवर येणाऱ्या व्यापाऱ्याला बाग द्यायला निघाल्या होत्या. मग आपली शेड, वजनकाटा, तुम्ही रंगवलेलं दार, सगळं कोंबड्यांना मोकळं झालं असतं. ते झालं नाही. आता रंगुबाई चालतात तेच अशा, की जणू कारखान्याच्या निवडणुकीत निवडून आल्यात.

तुम्ही म्हणाल, दुसरी गाडी कुठली? तुम्हाला पहिलीच माहीत. सांगते, पण क्रमानं सांगू द्या, मध्ये चहा मागू नका.

पहिल्या गाडीचं तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. भाऊबीज झाल्यावर तुम्ही वडगावहून माल भरायला म्हणून आलात, बारामतीत उतरून खोकी तुम्हीच निवडलीत. दुकानदार सांगत होता ते न ऐकता एक खोकं पालथं घातलंत आणि धोतर सावरून वर उभे राहिलात. हे अजून त्याची नक्कल करतात. पाच थरांच्या पुठ्ठ्याचं, कोपऱ्याला पक्कं असलेलं खोकं तुम्ही पसंत केलंत. मग शेडमध्ये सगळ्यांना भरायला शिकवलंत, आणि माल पोचेपर्यंत थांबतो म्हणालात. पोचला तो रस गळत. शेठनी फोटो पाठवले, थप्पीतले खालचे तीन थर पार चेपलेले. मी त्यांच्याशी फोनवर बोलत होते, मागून रंगुबाई म्हणाल्या, "खोकीच कच्ची निगाली." त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण तुम्ही उठलात, "निवडली म्या व्हती," एवढंच म्हणालात आणि पिशवी घेऊन फाट्यावर गेलात. मी फोन ठेवून पळत आले तर एसटी निघून गेली होती.

त्या दिवसापासून तुम्ही आमच्या शेडचं नाव काढलेलं नाही. आई सांगते, तुम्ही हल्ली बाजारातसुद्धा कुणाला वस्तू निवडून देत नाही. म्हशीला दावं घ्यायचं तरी दादाला पुढं करता. आबा, हे ऐकून मला किती लागलं ते मी आजवर बोलले नाही. आज बोलते. फार लागलं.

आता ऐका दुसऱ्या गाडीचं. तुम्ही गेल्यावर सगळ्यांचं एकच मत पडलं, पुठ्ठा जाड पाहिजे. मग आम्ही सात थरांची खोकी आणली. मशीन ठेवायच्या लायकीची. रंगुबाईंनी रिकामं खोकं उचललं आणि म्हणाल्या, "ह्यात आता हत्ती घाला." तितकीच मोठी, तितकीच उंच, फक्त भिंती जाड. आम्ही ती तुम्ही शिकवलं तशी भरली आणि निर्धास्त झोपलो. आबा, तीही चेपली. थोडी कमी, पण चेपली. जाड खोकी दिमाखात उभी, आणि आत फळाचा लगदा.

त्या दिवशी ह्यांनी थप्पीला दोष दिला. ह्यांचं खरं थोडंसं होतं, कारण खोकी हेच लावत होते, आणि गवंडी विटा लावतात तशी सांधा मोडून लावत होते. खोक्याचं असं नसतं. त्याचा जोर कोपऱ्यात असतो, तेव्हा कोपऱ्यावर कोपराच यायला हवा. हे मला पुढं कळलं, आणि ह्यांना मी ते दिवसातून एकदा तरी ऐकवते.

मग मी एक काम केलं. तुम्ही आणलेल्यातलं एक भरलेलं खोकं, एक रिकामं, दोन्ही घेऊन बारामतीला गेले. खोकी बनवणारा कारखाना एमआयडीसीत आहे, मालक ऋषिराज म्हणून, आपल्या दादाच्या वयाचा. एसटीत कंडक्टर म्हणाला, "ताई, डाळिंबं हायेत का दगडं?" मी म्हटलं, "अजून ठरायचंय."

ऋषिराजकडे खोकं दाबून बघायचं यंत्र आहे. वर एक पाट, खाली एक पाट, मध्ये खोकं, आणि वरचा पाट हळूहळू खाली येतो. त्यानं आधी तुमचं रिकामं खोकं ठेवलं. पाट येत राहिला आणि खोकं उभं राहिलं. इतका वेळ उभं राहिलं की मलाच घाम फुटला. शेवटी वाकलं तेव्हा त्यानं आकडा बघितला आणि विचारलं, "ही पेटी कुणी निवडली?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी."

"कशावरून निवडली?"

"वर उभे राहून."

तो हसला नाही. म्हणाला, "तुमच्या गाडीत जेवढी थप्पी लागते, त्याच्या कितीतरी जास्त ही पेलते. सात थरांची तुम्हाला गरजच नाही. उगाच गेलात त्या वाटेला."

ऐकलंत ना आबा? परत वाचा. वाटल्यास दादाला मोठ्यानं वाचायला सांगा, आणि शेजारचे तात्या ओसरीवर असतील तर त्यांनाही बोलवा. खोकी कच्ची नव्हती. तुम्ही निवडलेलं खोकं त्या यंत्राखाली ताठ उभं राहिलं आणि ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मला तिथंच तुम्हाला फोन करायचा होता. केला नाही, कारण तुम्ही पुढचा प्रश्न विचारला असतात. तुम्ही तो आत्ताही विचारणार. खोकं चांगलं, मग फळ का चेपलं?

हेच लिहायचं मी दोन पानं टाळतेय. एवढी बातमी, एवढी थट्टा, सगळं त्याच्यासाठीच. आता लिहिते.

ऋषिराजनं मग भरलेलं खोकं घेतलं. यंत्राखाली ठेवायच्या आधी झाकणावर हात फिरवला. झाकण मध्ये फुगलेलं होतं, पुरणपोळी तव्यावर फुगते तसं. त्यानं विचारलं, "हे बंद कसं करता?"

मी खरं ते सांगितलं. सासूबाई वर बसतात आणि मी चिकटपट्टी लावते.

पाट खाली आला. खोक्याच्या भिंतीला लागायच्या आधी तो झाकणाच्या फुगवट्याला लागला, म्हणजे फळाला. भिंती तशाच उभ्या आणि खालून रसाची धार. ऋषिराज म्हणाला, "ताई, वरचं ओझं पेटीच्या भिंतींनी घ्यायचं असतं. तुमच्याकडं ते डाळिंब घेतंय. पेटी सात थरांची करा नाहीतर सतरा, ओझं तिच्यापर्यंत पोचतच नाही. एवढं काठोकाठच्या वर कशाला भरता?"

आबा, त्याला काय सांगू मी? त्याला कसं कळणार वडगावच्या बाजारात तुमचं, सर्जेरावांचं, माप म्हणजे काय. लहानपणी मी तुमच्या शेजारी पोत्यावर बसायचे. ज्वारीचं मापटं भरलं की इतर लोक वरून हात फिरवून सपाट करायचे, आणि तुम्ही दोन बोटं वर उभी राहील एवढी शीग लावायचात. दाणे घरंगळून खाली पडले तरी तेही गिऱ्हाइकाच्या पदरात लोटायचात. आमच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी तुम्ही तेच सांगितलंत, "मापाला शीग न्हाय तर ती नुस्ती मोजनी हाय, देनं न्हाय." आणि काठावर दोन बोटं आडवी धरून दाखवलीत, इथपर्यंत आलं पाहिजे. बायकांनी ते मनावर घेतलं. मी तर जन्मापासून घेतलंय.

ज्वारीला झाकण नसतं आबा. आणि तिच्या डोक्यावर दुसरं मापटं ठेवून गुवाहाटीला पाठवत नाहीत. फळ चेपलं ते शिगेमुळं. तुमच्या हातची खोकीही चेपली, माझ्या हातचीही, रंगुबाईंच्या हातचीही. दुसऱ्या गाडीला तर तुम्ही नव्हताच, तरी शीग होती.

हे तुम्हाला सांगायला माझी जीभ उचलेना. खोकी कच्ची आणली, एवढ्या समजुतीवर तुम्ही शेड सोडलीत. तुमचा हात जास्त देतो म्हणून नुकसान झालं, हे कळलं तर तुम्ही हात आखडाल, अशी मला भीती वाटली. आणि तो हात आखडलेला मला बघायचा नव्हता.

ऋषिराजचा उपाय सोपा होता. वरची फळं कमी करा, झाकण सपाट बसू दे. मी घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली.

"कमी भरायचं?"

"कमी नाही, बरोबर. जेवढ्यास तेवढं."

"जेवड्यास तेवडं दुकानदार देतो," त्या म्हणाल्या. "आपलं नाव पेटीवर हाय. मी काय सपाट माप द्याची न्हाय. तुला द्याचं तर दी, मी खुरपायला जाती."

रंगुबाई त्यांच्या बाजूच्या. बाकीच्याही. आणि खरं सांगू, मीही त्यांच्याच बाजूची. शेठ शेवटची संधी देऊन बसलेले, फळ झाडावर उकलायला आलेलं, आणि आम्ही सगळ्या हट्टाला पेटलेल्या. शीग सोडायची नाही आणि फळ तर चेपू द्यायचं नाही. मी रात्रभर कूस बदलत राहिले, सकाळी भाकरी थापताना सुचलं. माणसाचा हात कापून खोक्यात बसवण्यापेक्षा खोकंच उंच करावं. लांबी-रुंदी तीच, पुठ्ठा तुम्ही निवडलेला तोच, फक्त भिंती शिगेएवढ्या वर. शीग झाकणाच्या आत राहील, ओझं भिंती घेतील.

ऋषिराज म्हणाला, करता येईल, पण बेतानं. भिंत उगाच उंच झाली तर आत जागा उरते, फळ वाटेत हिंदकळतं आणि एकमेकांवर आपटून काळं पडतं. "किती वाढवू, नेमकं सांगा." मी माझी दोन बोटं पुढं केली. त्यानं मोजून नमुना करून दिला. आम्ही भरला, आणि झाकण परत फुगलं. कमी, पण फुगलंच.

मी डोकं धरून बसले. सासूबाईंनी माझा हात ओढून घेतला, उलटसुलट बघितला. "आगं, इवायांची बोटं आन तुजी बोटं येक हायेत व्हय? ही भेंडी, ती मुसळं." आणि शेडच्या दाराकडे बोट केलं.

तुम्हाला आठवतं का, तुम्ही दाराला हिरवा रंग दिलात आणि वाळायच्या आधी तोल जाऊन शेजारच्या भिंतीला टेकलात? पांढऱ्या भिंतीवर तुमचा हिरवा पंजा उमटलाय. तुम्ही म्हणाला होतात, रॉकेलनं पुसून टाक. तुम्ही गेल्यावर ह्यांनी एकदा फडकं आणलं होतं, मी ते हिसकावून घेतलं. येता-जाता त्यावर हात ठेवायची मला सवय लागलीय. हे कुणाला माहीत नाही असं मला वाटत होतं. सासूबाईंना माहीत होतं.

मी वहीचा कागद त्या पंज्यावर धरला आणि पेन्सिलीनं तुमची दोन बोटं गिरवली. माझी जवळजवळ तीन बसतात त्यात. कागद घेऊन बारामतीला गेले. ऋषिराजनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, "वाढवायचं माप." त्यानं पट्टी लावली आणि माप लिहून घेतलं.

नवी खोकी आली, बायकांनी शीग लावून भरली. झाकण असं बसलं की सासूबाईंना वर बसायचं कामच उरलं नाही. तरी पहिल्या दोन-चार पेट्यांवर त्या बसल्याच, म्हणे पायाला आराम. ह्यांनी कोपऱ्यावर कोपरा लावून थप्पी केली. गाडी गेली, आणि काल काय झालं ते तुम्हाला सांगितलंच.

एक राहिलं. शेठनी पेटी काट्यावर ठेवली तर लिहिलेल्या वजनाहून जास्त भरली. त्यांनी हिंदीत विचारलं की तुमचा काटा चुकतोय का. मी उत्तर जुळवतेय तोवर सासूबाई फोनपाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "चूक न्हाय वो, शीग हाय ती." मी त्यांना समजावून सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, इतक्या वर्षांत खोक्यात कमी भरलेलं फार बघितलं, जास्त भरलेलं पहिल्यांदा बघतोय. हंगामाचा माल त्यांनी त्यानंतर मागितला, आबा. फळ शाबूत बघून त्यांनी फक्त मान हलवली होती. शीग बघून सौदा केला.

परवा संक्रांतीआधीची गाडी भरायची आहे. गटात नव्या चारपाच जणी आल्यात, त्यांना शीग लावायला शिकवायचं आहे. मी दाखवते, पण माझी बोटं तुम्हाला ठाऊक आहेतच. दादाला मी काही कळवलेलं नाही, त्यानं आग्रह करून तुम्ही यावं असं मला नको आहे. तुम्हाला वाटलं तर सकाळची एसटी धरा. फाट्यावर हे उभे असतील. तिळगूळ आईकडून घेऊन या, सासूबाईंचा दगडासारखा होतो.

आता पेटीकडे बघा. फळं अजून काढली नाहीत ना? एका बाजूची फळं जरा सरकवा. आतल्या भिंतीवर पेन्सिलीची एक रेघ दिसेल. तुम्ही बारामतीत निवडलेल्या खोक्याची उंची तिथवर होती. त्या रेघेवर तुमची दोन बोटं आडवी ठेवा. वरचं बोट बरोबर काठाला येईल. या पेट्या आता हंगामभर तेवढ्याच उंचीच्या निघणार आहेत, आणि गुवाहाटीपर्यंत प्रत्येकीत तुमची दोन बोटं जाणार आहेत.

बोट काठाला आलं नाही, तर मात्र इथं येऊन भिंतीवरचा पंजा तुमच्या हातानं ताडून बघा.

तुमच्याच मापाची,
सुप्रिया